आर्डिस क्वामेची चार मिनिटं

आर्डिस क्वामेला माणसांच्या बोलण्याचा मनापासून तिटकारा होता, आणि एकतीस वर्षं तिने पोटासाठी केलं ते एवढंच: माणसं बोलतील ते शब्दन्‌शब्द उतरवून घेणं. नॉर्थ डकोटातल्या टॉर्गर काउंटीच्या कोर्टात ती लघुलेखिका होती. न्यायाधीशांच्या खाली, साक्षीदाराच्या खुर्चीला लागून तिची जागा. समोर तिपाईवर बावीस कळांचं छोटं यंत्र. त्याच्या कळा एकेक करून दाबायच्या नसतात, पेटीवर सूर धरावेत तशा चार-पाच एकदम दाबायच्या, म्हणजे एका दाबात अख्खा शब्द. मिनिटाला सव्वादोनशे शब्दांच्या परीक्षेत तिच्या वर्गातल्या तेवीस मुलींपैकी तिघी टिकल्या होत्या. उरलेल्या वीसजणींबद्दल आर्डिस आजही "त्या बिचाऱ्या" असं म्हणे, आणि तिच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा निघे.

वकिलांबद्दल तिचं मत होतं की ह्या लोकांना वाक्य सुरू करता येतं, संपवता येत नाही. पोलिसांना दोन्ही येत नाही. साक्षीदार शपथ घेऊन खोटं बोलतात हे तिला चालायचं. ते बोलताना खिडकीकडे तोंड करतात हे चालायचं नाही. "खोटं बोलायचं तर नीट ऐकू येईल असं बोला," असं ती एकदा एका घोडेव्यापाऱ्याला भर कोर्टात म्हणाली होती, आणि न्यायाधीश फायफली यांनी हसू दाबत ते वाक्य नोंदीतून काढायला लावलं होतं.

पण तिचा खरा राग होता तो विंडोजवर.

त्याचं मूळ तिच्या नवऱ्यात होतं. ऑरिन क्वामे टीव्ही दुरुस्त करायचा. टीव्ही दुरुस्त करून घेणं लोकांनी बंद केलं तेव्हा तो संगणक दुरुस्त करू लागला. एका हिवाळ्यात त्याने कुठूनशी लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणाऱ्या यंत्रणेची, डिस्क आणली, दोन महिने खटपट केली आणि कंटाळून सोडून दिली. आर्डिसने ती उचलली. त्या मार्चमध्ये बर्फाने रस्ते नऊ दिवस बंद होते. दहाव्या दिवशी ती घराबाहेर पडली ती बाटलेलीच. तिला त्यातलं आवडलं ते हे, की ती यंत्रणा गप्प बसायची. विचारल्याशिवाय बोलत नसे, मधेच अभिनंदन करत नसे, काही विकायला येत नसे. "ह्या काउंटीत एवढं एकच शहाणं माणूस आहे," ती ऑरिनला म्हणाली, "आणि ते माणूस नाही."

"बरं आहे की," ऑरिन म्हणाला. ऑरिन बहुतेक गोष्टींना एवढंच म्हणे.

अडचण धंद्याची होती. लघुलेखनाचं यंत्र जे सांकेतिक लिहितं त्याचं सरळ इंग्रजीत रूपांतर करणारा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालायचा. वर त्याला परवान्याची एक चावी लागे, पेनड्राइव्हएवढी. ती लॅपटॉपला लावलेली नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नसे. तेव्हा आर्डिसने लॅपटॉपच्या डिस्कचे दोन भाग केले. एका भागात लिनक्स, दुसऱ्यात विंडोज. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येत, त्यातली एक निवडायची. ह्याला ड्युअल बूट म्हणतात. एका वेळी एकच चालणार. दुसरं हवं असेल तर पहिलं बंद करा, यंत्र पुन्हा सुरू करा आणि खालची ओळ निवडा. अकरा वर्षं ती सकाळी कोर्टात येऊन खालची ओळ निवडत होती, नाक मुरडून, शेजारणीच्या घरातून सायकलीचा पंप मागून आणावा तशी. संध्याकाळी घरी आली की वरची.

ह्यात गैरसोय होती. तिची सगळी मौल्यवान मालमत्ता लिनक्सच्या बाजूला होती. काउंटीतल्या प्रत्येक आडनावाचं खरं स्पेलिंग, कुठला ओल्सन ई लावतो आणि कुठला ओ, कुठल्या नाल्याला लोक काय म्हणतात आणि नकाशात काय लिहिलंय, औषधांची, बियाण्यांची, यंत्रांच्या सुट्या भागांची नावं. एकतीस वर्षांची वेचणी. कोर्टात विंडोज चालू असताना ह्यातलं काही दिसत नसे. म्हणून ती महत्त्वाची नावं रात्री कागदावर उतरवून घेई आणि तो कागद यंत्राखाली ठेवी. तिला त्याची लाज नव्हती. निदान लायल स्टेंगर येईपर्यंत नव्हती.

लायल हा काउंटीचा तंत्रज्ञान अधिकारी. त्रेचाळीस वर्षांचा, फार्गोत कुठल्याशा विमा कंपनीत होता, तिथून इथे आला. खाली तळघरात त्याची खोली. गळ्यात ओळखपत्र दोन. दोन का, हे कोणालाच कळलं नव्हतं. बोलताना तो "आपण" म्हणे आणि त्याचा अर्थ "तुम्ही" असा असे. "आपण पासवर्ड बदलला नाहीये." "आपण पुन्हा ते चुकीचं बटण दाबलंय." आर्डिसचं त्याच्याबद्दलचं मत पहिल्या दिवशी बनलं आणि पुढे त्यात बदल करायची गरज तिला भासली नाही.

एकदा कॉफीच्या खोलीत, कारकून मंडळी लिंबाच्या वड्या खात बसलेली असताना, लायलने तिचा लॅपटॉप सुरू होताना पाहिला. काळा पडदा, दोन ओळी.

"अरे वा," तो म्हणाला. "ड्युअल बूट! मला वाटलं ही जात नामशेष झाली."

"नावं नीट वाचता येतात का तुला? खालची ओळ विंडोजची आहे," आर्डिस म्हणाली.

"नाही, पण आर्डिस, खरंच विचारतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला तुम्ही दरवेळी घराबाहेर पडता, कुलूप लावता, वळसा घालून मागच्या दाराने येता? व्हर्च्युअल मशीन करा की. लिनक्स चालू राहू दे, त्याच्याच पोटात एक खोटा संगणक उभा करा आणि त्यात विंडोज टाका. एका खिडकीत हे, एका खिडकीत ते. आख्खं जग असं करतं."

"आख्ख्या जगाला कोर्टात बसून सव्वादोनशे शब्द घ्यावे लागतात का?"

"तुमचं मशीन उठेपर्यंत मी पेन्शनीत जाईन," लायल म्हणाला आणि वडी तोंडात टाकली. कारकून हसले. कारकुनांना आर्डिसवर हसायची संधी वर्षातून एखादवेळेलाच मिळत असे, तेव्हा ते पोटभर हसले.

आर्डिसने लॅपटॉप उचलला आणि ती कोर्टाच्या खोलीत निघून गेली. तिला लागलं होतं.

घरी आल्यावर ती ऑरिनवर घसरली. ऑरिन चुलीपाशी पिठाच्या गोळ्यांचं सूप ढवळत होता.

"तो ठोंब्या मला सांगतो! मी लिनक्स लावत होते तेव्हा हा फार्गोत विम्याचे कागद चाळत होता."

"मग करून बघ की तसं," ऑरिन म्हणाला.

"त्याने सांगितलं म्हणून?"

"त्याने सांगितलं म्हणून नको. सोयीचं आहे म्हणून."

"मला सगळं येतं त्यातलं. दोन वर्षांपूर्वी वाचलंय मी."

"बरं आहे की," ऑरिन म्हणाला आणि सुपात मीठ टाकलं.

ह्यानंतर तिने जे केलं ते सोयीसाठी केलं असं ती म्हणे, पण खरं कारण निराळं होतं. तिला लायलला ते करून दाखवायचं होतं, त्याला एक शब्द न विचारता, त्याच्याहून चांगलं. तीन रविवार ती चर्चमधून आल्याबरोबर त्याला लागे. लिनक्सच्या आत खोटा संगणक उभा केला, त्याला स्मृती किती द्यायची, पडदा केवढा द्यायचा हे मोजून मापून ठरवलं, त्यात विंडोज बसवलं. आतल्या त्या विंडोजला बिचाऱ्याला कळतही नव्हतं की आपण खऱ्या यंत्रावर नाही आहोत. आर्डिसला ह्या गोष्टीचा फार आनंद झाला. मग परवान्याची चावी आणि लघुलेखन यंत्राची तार, दोन्ही आतल्या विंडोजच्या ताब्यात कशी द्यायची ते शोधलं. लॅपटॉपला तारा लावायच्या जागा तीनच होत्या, आणि एक दुसऱ्या पडद्याच्या कामात जाई. म्हणून तिने एक चारतोंडी डबी आणली आणि चावी, यंत्र, माउस सगळं त्या डबीत खोचलं. घरी ऑरिनला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावून तासभर लिहिलं. अक्षरं झरझर उमटली. बाजूच्या खिडकीत तिची नावांची यादी उघडी होती. कागद नको, काही नको.

तिला मान्य करावं लागलं की हे छान आहे. तिने ते कोणाजवळही मान्य केलं नाही.

जानेवारीत डेल व्होलेकचा खटला उभा राहिला.

डेल सत्तरीचा. साखर कारखान्यात एकोणतीस वर्षं यंत्रांच्या गोंगाटात काढल्यावर त्याचे दोन्ही कान गेले होते. आयुष्यभर ऐकत आलेला माणूस. हातांची खूणभाषा त्याला येत नव्हती आणि ती शिकायचं त्याचं वय नव्हतं. म्हणून न्यायाधीशांनी आदेश दिला की त्याच्या टेबलावर एक पडदा ठेवावा आणि आर्डिस लिहील ते त्यावर त्याच क्षणी दिसावं. दुभाष्याऐवजी आर्डिस. ह्या कामात तिच्याइतकी वाकबगार बाई तिन्ही शेजारच्या काउंट्यांत नव्हती. हे तिलाही ठाऊक होतं आणि ते ती लपवत नसे.

भांडण झाडांचं होतं. डेलच्या वडिलांनी शेताच्या उत्तरेला वाऱ्याला आडोसा म्हणून झाडांची रांग लावली होती. शेजारी कर्टिस ब्रॅनवॉलने मागच्या वसंतात बुलडोझर घालून ती सगळी रांग उपटली आणि तिथवर नांगर फिरवला. कर्टिस म्हणत होता की झाडं हद्दीवर होती आणि मी विचारून काढली. डेल म्हणत होता, मला कोणी विचारलं नाही.

लायल सकाळी पडद्याची तार लावायला वर आला. त्याने आर्डिसचा लॅपटॉप पाहिला. एका खिडकीत लिनक्स, एकीत विंडोज.

"अरेच्चा! आपण आलो का ह्या शतकात?"

"मी आले. तू तुझं बघ," आर्डिस म्हणाली.

"चावी आत नीट दिलीये ना? आणि सगळं एकाच डबीत नका खोचू, हं. एक हललं की सगळी—"

"लायल, तार लावून झाली असेल तर जिना तिकडे आहे."

त्याने खांदे उडवले आणि गेला. तो काय सांगत होता ते तिने ऐकलं होतं. ऐकणं हाच तिचा धंदा. पण लायलच्या तोंडून आलं म्हणजे ते चूकच असणार, असा तिचा हिशेब होता.

सकाळ उत्तम गेली. डेलची साक्ष झाली. तो मोठ्या आवाजात बोलायचा, बहिरी माणसं बोलतात तसा, आणि प्रत्येक प्रश्न पडद्यावर संपेपर्यंत थांबून उत्तर द्यायचा. आर्डिसला असा साक्षीदार एकतीस वर्षांत मिळाला नव्हता. जेवणानंतर कर्टिस खुर्चीत बसला. त्याच्यानंतर वनखात्यातून निवृत्त झालेला एक तज्ज्ञ यायचा होता, झाडांची लॅटिन नावं घेऊन. डेलची वकील पेट्रा लुंडीन हिने ती नावं एका पेनड्राइव्हवर आर्डिसला आधीच देऊन ठेवली होती.

कर्टिसचा वकील एक प्रश्न अर्धवट सोडून आपले कागद चाळत होता. चाळणं त्याला पुष्कळ लागे. आर्डिसच्या मनात आलं, एवढ्यात नावांची यादी लिनक्सच्या खिडकीत उघडून ठेवू. जुन्या पद्धतीत हे तिच्या मनात आलंच नसतं, कारण जुन्या पद्धतीत ती खिडकीच नव्हती. तिने पेनड्राइव्ह उचलला आणि डबीच्या चौथ्या तोंडात खोचला.

डबीवरचा हिरवा दिवा विझला आणि पुन्हा लागला. तेवढंच. पण तेवढ्यात लिनक्सने डबीतलं सगळं स्वतःच्या ताब्यात घेतलं. आतल्या विंडोजच्या हातून चावी गेली आणि यंत्राची तारही गेली. प्रोग्रॅमने एक चौकोन दाखवला: परवाना सापडत नाही. आणि तो जागच्या जागी थिजला.

"मिस्टर ब्रॅनवॉल," वकील म्हणाला, "झाडं काढण्याआधी तुम्ही वादीशी बोललात का?"

आर्डिसची बोटं चालूच होती. लघुलेखन यंत्राला स्वतःची स्मृती असते. लॅपटॉप मेला तरी तिची नोंद बुडत नाही. बुडत होतं ते डेलचं. त्याच्या पडद्यावर शेवटची ओळ उभी होती: "आणि त्या वेळी तुमचा ट्रॅक्टर कुठे". पुढे कोरं.

ती उजव्या हाताने लिहिताना डाव्या हाताने माउस हलवू शकत नव्हती, कारण लिहायला दोन्ही हात लागतात. हात वर करून "साहेब, थांबा" म्हणणं एवढंच करायचं होतं. दर लघुलेखिकेला पहिल्या वर्षी हे शिकवतात. पण एकतीस वर्षांत तिने स्वतःमुळे कोर्ट थांबवलं नव्हतं. वकिलांना बोलता येत नाही म्हणून थांबवलं होतं, कोणी खोकला म्हणून थांबवलं होतं; आपलं यंत्र चालेना म्हणून कधीच नाही. आणि थांबवलं की तळघरातून लायलला बोलावणार. तो दोन ओळखपत्रं झुलवत जिना चढून येणार. येईल परत, तिने स्वतःला सांगितलं. आपोआप जोडलं जाईल. एवढा प्रश्न होऊ दे. एवढं उत्तर होऊ दे.

"बोललो की," कर्टिस म्हणत होता. "एप्रिलात. कुंपणापाशी उभा होता तो. मी ट्रॅक्टरवरून उतरलो, म्हटलं, डेल, ही झाडं अर्धी वाळलीयेत, मी काढून टाकतो, तुझी काही हरकत नाही ना? तर त्याने मान डोलावली."

"मान डोलावली? नक्की?"

"दोनदा. चांगली दोनदा. हसला पण."

पेट्रा लुंडीनने झटकन वळून डेलकडे पाहिलं. हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट प्रश्न होता: हे खरं आहे?

डेल पडद्यावरच्या त्या थांबलेल्या ओळीकडे बघत बसला होता. पुढे अजून कोणी काही बोललेलं नाही अशी त्याची समजूत होती. आपली वकील आपल्याकडे बघतेय हे पाहून तो किंचित हसला आणि त्याने मान डोलावली. दोनदा.

पेट्राचा चेहरा पडला. तिने समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं.

हे आर्डिसने पाहिलं. त्या अर्ध्या क्षणात तिला सगळा खटला कळला, त्या खोलीतल्या कोणालाही कळायच्या आत. तरीसुद्धा तिची बोटं आणखी एक प्रश्न आणि एक उत्तर लिहून गेली. हे तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

मग तिने हात वर केला.

"साहेब, थांबावं लागेल. मिस्टर व्होलेकच्या पडद्यावर अक्षरं जात नाहीयेत."

न्यायाधीश फायफली यांनी चष्मा काढला. "कधीपासून?"

"आत्ताच" म्हणता आलं असतं. त्या खोलीत तिला खोटं ठरवणारं कोणी नव्हतं. वेळेची नोंद तिच्या यंत्रात होती, आणि तिचं यंत्र तिच्याशिवाय कोणालाही वाचता येत नव्हतं. पण न्यायाधीशांचा प्रश्न तिच्या बोटांनी सवयीने लिहिलाही होता, आणि आता कळांवर ती उत्तराची वाट बघत होती. उत्तर तिचंच होतं.

"चार मिनिटं झाली," आर्डिस म्हणाली आणि लिहिलं. "मला लगेच दिसलं होतं. मी बोलले नाही." हेही लिहिलं.

न्यायाधीशांनी तळघरात निरोप पाठवला.

लायल वर आला. त्याने चौकोन पाहिला, डबी पाहिली, डबीतला पेनड्राइव्ह पाहिला. तोंड उघडलं.

"एक अक्षर बोललास तर," आर्डिस हळूच म्हणाली, "ते नोंदीत जाईल."

"मी फक्त म्हणणार होतो की आतली खिडकी बंद करून—"

"नको. मी खालची ओळ निवडतेय."

तिने सगळं बंद केलं आणि लॅपटॉप नव्याने सुरू केला. काळा पडदा, दोन ओळी. खालची. विंडोज उठायला अडीच मिनिटं लागली. ती अडीच मिनिटं न्यायाधीशांसकट सगळं कोर्ट तिच्याकडे बघत बसलं होतं. चाक गरगर फिरत होतं. वर्षानुवर्षं तिने त्या चाकाला नावं ठेवली होती. त्या दिवशी ती त्याच्याकडे गाईगुरांच्या बाजारात भाव फुटायची वाट बघावी तशी बघत होती, मुकाट. चावी लागली, प्रोग्रॅम उघडला, यंत्राच्या स्मृतीतून चार मिनिटांचं लिखाण तिने उतरवून घेतलं आणि डेलच्या पडद्यावर पाठवलं.

डेल वाचू लागला. ओठ हलवत, बोट फिरवत. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. त्याने ती पुन्हा वाचली. मग तो उठून उभा राहिला. उभं राहायला नको होतं, पण त्याला कोणी बसवलं नाही.

"मान डोलावली असेन मी," तो मोठ्याने म्हणाला. "मी सगळ्यांनाच मान डोलावतो. ऐकू येत नाही ना मला! किती वेळा 'काय, काय' करायचं माणसाने? लोक वैतागतात. बायको होती तोवर ती सांगायची. आता दुकानात, चर्चमध्ये, रस्त्यात, कोणी तोंड हलवलं की मी मान डोलावतो आणि हसतो. कर्टिसला माहीत आहे हे. माझा शेजारी आहे तो, चाळीस वर्षं!"

आर्डिसने हे सगळं लिहिलं. शब्द पडद्यावर उमटले आणि डेलने स्वतःचे शब्द वाचले. पेट्रा लुंडीन उठली होती. "मगाशी तुम्ही मलाही मान डोलावलीत," ती म्हणाली.

डेलने वाचलं. "हो? काय विचारलं होतंत?"

कर्टिस खिडकीकडे बघू लागला.

मार्चमध्ये निकाल लागला, डेलच्या बाजूने. झाडं काही परत येणार नव्हती; कर्टिसने नवी लावून द्यावीत असं ठरलं, आणि ती वारा अडवण्याइतकी उंच व्हायला डेल नव्वदीचा व्हायला हवा होता. आर्डिसने निकालाची नोंद घेतली आणि त्यावर काही मत दिलं नाही. तिच्या दृष्टीने ते फार सौम्य वागणं होतं.

खटल्याचं छापील कामकाज तयार करायचं काम मात्र तिच्याकडे आलं. ते तिने घरी केलं, त्याच व्हर्च्युअल मशीनमध्ये. ऑरिनला नवल वाटलं.

"अजून तेच वापरतेस?"

"घरी बसून चुका काढायला हेच बरं. इथे चार वेळा बंद पडलं तर कोणाचं काय बिघडतंय? तुझं सूप उतू जाईल फार तर. कोर्टात खालची ओळ."

"म्हणजे दोन्ही."

"दोन्ही. आणि लायल स्टेंगरला सांगू नकोस."

त्या पानावर आल्यावर तिला कंसात टीप लिहायची होती. टीप लिहायची रीत ठरलेली आहे: "तांत्रिक अडचणीमुळे कामकाज थोडा वेळ थांबले." सगळ्या काउंट्यांत असंच लिहितात. तांत्रिक अडचण म्हणजे कोणाचाच दोष नाही. आर्डिसने ते लिहिलं, वाचलं आणि तिला स्वतःचीच किळस आली. असली वाक्यं लायल लिहितो. तिने ते खोडून लिहिलं: "लघुलेखिकेने लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावल्यामुळे वादीच्या पडद्यावर चार मिनिटे मजकूर गेला नाही. लघुलेखिकेला हे पहिल्या मिनिटापासून ठाऊक होते."

न्यायाधीश फायफली यांनी मसुदा वाचून तिला आत बोलावलं.

"दुसरं वाक्य काढलंत तरी चालेल, आर्डिस. ते तुम्ही तोंडी सांगितलंय, ते वर आलंच आहे."

"घोडेवाल्याला बोलले ते काढलं होतंत, साहेब. तेव्हा मी बरोबर होते, म्हणून काढू दिलं. हे राहू दे."

ते राहिलं. पान एकशे बारा.

आता ती सकाळी वीस मिनिटं आधी येते. खालची ओळ निवडते, चावी थेट लॅपटॉपला लावते, चारतोंडी डबी तिने ऑरिनच्या दुकानात देऊन टाकली. नावांचा कागद पुन्हा यंत्राखाली आला आहे. लायल कॉफीच्या खोलीत अजून विचारतो, "उठलं का मशीन?" ती म्हणते, "उठलं. तू केव्हा उठणार?" कारकून आता दोघांवरही हसतात.

आणि कोणा पक्षकाराला ऐकू येत नसेल, तर कामकाज सुरू व्हायच्या आधी आर्डिस आपली खुर्ची सोडून त्याच्या टेबलापाशी जाते. हे तिचं काम नाही. त्याच्यासमोर उभी राहते आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं त्याला वाचायला देते: अक्षरं थांबली तर हात वर करा. मान डोलावू नका. तो वाचतो आणि बहुतेक वेळा मान डोलावतो. मग ती कागद परत त्याच्या नाकासमोर धरते, तो हात वर करीपर्यंत.